मी मुकुंदाला अडखळायला शिकवलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा मला सरळ बाई समजूनच गेला. मुलीला नाही. शाळेत ज्या बाईंच्या शेजारी बसून मी वीस-बावीस वर्षं डबा खाल्ला त्यांनाही नाही, आणि त्यांच्यापासून मी माझ्या सासूचं एकही गाऱ्हाणं लपवलं नव्हतं. दोनतीनदा जिभेवर आलं होतं. मग मी म्हणायचे, जाऊ दे, भाजी गार होतेय.

तुम्ही म्हणाल, म्हातारीने तरुणपणी चोरीबिरी केली असेल. चोरी परवडली हो. चोरलेली वस्तू निदान परत नेऊन देता येते.

मी शिक्षिका होते. जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षं, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर. जामखेड-पाथर्डीकडे अजून एखादा टक्कल पडलेला माणूस एसटीत उठून मला जागा देतो आणि बायकोला सांगतो, ह्या बाईंनी मला अक्षरं शिकवली. मी हसते, बसते. आणि दर वेळी — खरंच दर वेळी — मला मुकुंदा आठवतो. मुकुंदा माझा धाकटा भाऊ. त्याला मी अक्षरं शिकवली नाहीत. त्याला काय शिकवलं ते सांगायचं आहे, आणि बघा, अजून मी एसटीतच बसले आहे.

सत्तर सालची गोष्ट. आमचं गाव खर्ड्यापासून तीन कोसांवर, जेमतेम दीडशे उंबऱ्यांचं. वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो — गावचे जोशी. आसपासच्या सात-आठ वाड्यांवरची लग्नं, वास्तुशांती, सत्यनारायण त्यांच्याकडे. अण्णांना सगळं तोंडपाठ. पोथी ते बरोबर न्यायचे, पण ती पाटावर ठेवण्यापुरती. उघडताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. त्यांच्या वडिलांनी त्यांना संथा देऊन शिकवलं होतं — म्हणजे शिकवणाऱ्याने एकदा म्हणायचं, शिकणाऱ्याने मागून दोनदा म्हणायचं, असं वर्षानुवर्षं. त्यामुळे आमच्या घरात 'येतं' म्हणजे 'म्हणता येतं'. कुणाला काही येतं का हे पाहायचं असलं की अण्णा डोळे मिटायचे आणि ऐकायचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण मी तिचाच फायदा घेतला.

मुकुंदा तेव्हा अकरा वर्षांचा आणि चौथीत दुसऱ्यांदा. पहिली, दुसरी, तिसरी तो पाढे आणि कवितांच्या जोरावर तरून गेला होता. एकदा कानावर पडलं की त्याच्या डोक्यातून जायचं नाही. तीसपर्यंतचे पाढे उलटे म्हणून दाखवायचा. पण पुस्तक समोर धरलं की संपलं. चौथीत शुद्धलेखन सुरू झालं आणि त्याचं बिंग फुटलं. चौथीचे गुरुजी तापट होते. रोज वाचायला आधी मुकुंदालाच उभा करायचे, आणि वाचता आलं नाही की अंगठे धरायला लावायचे, वर छडी. जोशीबुवांचा मुलगा आणि अक्षरशत्रू — पोरांना केवढी मजा! तो सकाळी दप्तर घेऊन निघायचा आणि ओढ्याकाठच्या चिंचेखाली दिवसभर बसून राहायचा. शाळेत जायचा त्या दिवशी काय व्हायचं ते आईला त्याची चड्डी धुताना कळलं. वर्गात भीतीने त्याला कपड्यांतच होत होतं. अकरा वर्षांच्या मुलाला.

तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला. ह्याला शाळेत ठेवायचं की काढायचं? काढलं तर पुढे काय? आठवडाभर दुसरा विषय नव्हता. अण्णा म्हणायचे, शाळेतून काढलं तर लोक काय म्हणतील, आणि ठेवलं तर पोर झुरून जाईल. आईचं म्हणणं साधं होतं. ती म्हणाली, "त्याचा कान चांगला आहे. तुम्ही जसे शिकलात तसं त्याला शिकवा. संथा द्या." अण्णांना ते मनापासून पटत नव्हतं. मुलगा कचेरीत खुर्चीवर बसलेला बघायची त्यांची हौस. वाड्यावाड्यांवरून शिध्याची गाठोडी वाहण्यात आता काय राहिलंय, असं म्हणायचे. पण ते नाहीही म्हणत नव्हते. आणखी चार दिवस गेले असते तर त्यांनी आईचं ऐकलं असतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

त्या चार दिवसांत मी मध्ये पडले.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. जामखेडला मामाकडे राहून शिकले होते, आणि आता मला नगरला जायचं होतं, अध्यापक विद्यालयात. अण्णांनी मात्र परांड्याचं एक स्थळ जवळजवळ नक्की केलं होतं. बिजवर, दोन मुलांचा बाप. तर मी म्हटलं, मुकुंदाला मी घरी शिकवते. शाळेतून काढा, जूनपर्यंत माझ्या ताब्यात द्या, वाचायला शिकवून दाखवते. आणि — हे मी फार धिटाईने म्हटलं — तो वाचायला लागला तर मला नगरला पाठवायचं. अण्णा हसले. म्हणाले, "बरं. लागली पैज." दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या मोठ्या गुरुजींना भेटून आले. मोठे गुरुजी भला माणूस. ते म्हणाले, "खुशाल घरी शिकवा. जूनमध्ये आणा, माझ्यासमोर वाचू दे, मी पाचवीत बसवून घेतो. लेखनाचं पुढं बघू."

बहिणीच्या मायेने शालूने भावाला घरी शिकवायला घेतलं, असं गावात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. माया होती का? होती. पण परांड्याचं स्थळ नसतं तर मी तोंड उघडलं असतं का? नसतं उघडलं.

दिवाळीनंतर सुरुवात केली. मागच्या पडवीत, दुपारची जेवणं आटोपल्यावर. आणि एक गोष्ट खरी की शाळा सुटल्यावर मुकुंदा सुधारला. जेवायला लागला. रात्री दचकून उठणं थांबलं. गाईला पाणी पाजताना मोठमोठ्याने कविता म्हणायचा. आई म्हणायची, पोराच्या तोंडावर रंग आला. नुसतं तेवढंच राहू दिलं असतं मी, तर? पण मला तेवढं पुरणार नव्हतं.

पहिले दोन महिने मी मनापासून शिकवलं. एवढं माझ्या बाजूने — नाही, राहू दे. माझ्या बाजूने काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. चिंचोक्यांनी अक्षरं मांडली. पाटावर धूळ पसरून त्याचं बोट धरून गिरवली. सकाळी 'ग' ओळखायचा आणि दुपारी त्याच 'ग'कडे परक्यासारखा बघायचा. एकदा त्याने मला सांगायचा प्रयत्न केला. म्हणाला, "अक्का, लग्नात खूप माणसं येतात बघ. सगळी ओळखीची दिसतात आणि नाव एकाचंही आठवत नाही. तसं होतं मला." पुढे शाळेत एखाद्या पोराने मला असं काही सांगितलं असतं तर मी हातातला खडू टाकून ऐकलं असतं. तेव्हा मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. काढायचे मी चिमटे — आतल्या बाजूला, आईला दिसू नयेत असे. गुरुजींच्या छडीतून सोडवून आणलेला माझा भाऊ, आणि घरी त्याला हे.

पौष संपत आला. जून डोळ्यांसमोर दिसायला लागला. मी कंटाळून नुसती चौथीचं पुस्तक मोठ्याने वाचत बसायचे, तो ऐकायचा. एका दुपारी मी पाणी प्यायला उठले आणि परत येते तो काय, मुकुंदा मांडीवर पुस्तक घेऊन पहिला धडा म्हणतोय. अख्खा. जिथे मी श्वास घ्यायचे तिथे श्वास घेऊन. तो खेळत होता हो, माझी नक्कल करत होता, माझ्यासारखी मान हलवून. मला हसू फुटलं. आणि तेवढ्यात दारात अण्णा. कुठल्याशा वाडीवरून वास्तुशांत आटोपून आले होते, खांद्यावरचं गाठोडं अजून उतरवलं नव्हतं. डोळे मिटून ऐकत उभे होते. धडा संपला तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अण्णांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "शालू, जिंकलीस गं."

मुकुंदाने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात प्रश्न अगदी स्पष्ट होता — सांगू का? मला फक्त 'अण्णा, हा पाठ म्हणतोय' एवढं बोलायचं होतं. चार शब्द. अण्णा कदाचित खूशही झाले असते. नुसतं ऐकून एवढा धडा पाठ होतो, म्हणजे गंमत आहे का? मी पुढे झाले, त्याच्या मांडीवरच्या पुस्तकाचं पान उलटलं आणि म्हटलं, "हं, आता पुढचा."

मग परतीची वाट राहिली नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. वाट होती. त्या दिवशी होती, दुसऱ्या दिवशी होती, जूनपर्यंत रोज होती.

सगळं पुस्तक मी त्याला संथा दिल्यासारखं दिलं. मी एकदा, तो दोनदा. एकवीस धडे, महिना-सव्वा महिन्यात. त्यानंतर खरं काम सुरू झालं. बोट ओळीवरून किती वेगाने सरकवायचं. पान कुठल्या शब्दाला उलटायचं. प्रत्येक पानाचा शेवटचा शब्द मी त्याच्याकडून वेगळा घोकून घेतला. नजर पुस्तकावरच ठेवायची, अण्णांसारखे डोळे मिटायचे नाहीत. एवढं जमलं आणि माझ्या लक्षात आलं की हा फारच सुरेख वाचतोय. नुकतं वाचायला शिकलेलं पोर असं वाचत नाही. म्हणून मी त्याला अडखळायला शिकवलं.

हो. कुठल्या जोडाक्षरापाशी थांबायचं, कुठला शब्द फोडून दोनदा म्हणायचा, कुठे चुकून परत मागे यायचं. पहिल्या धड्याचं पहिलं वाक्य होतं, 'गावाच्या पूर्वेला एक मोठी विहीर होती.' त्यातल्या 'पूर्वेला'पाशी त्याने थांबायचं. पू… पूर्… पूर्वेला. वीस वेळा म्हणून घेतलं असेल मी ते. तो म्हणायचा, "येतंय की मला, अक्का. कशाला थांबू?" मी म्हणायचे, थांब म्हटलं ना. आणि आता लपवायचंच नाही तर हेही सांगते — मला त्यात मजा यायला लागली होती. लबाडी हाताला जमून आली की माणसाला आनंद होतो. रोज संध्याकाळी अण्णा ओसरीवर बसून त्याचं वाचन ऐकायचे, तो 'पूर्वेला'पाशी अडखळायचा, अण्णा मान हलवून 'हं, हं, लाव जोर' म्हणायचे, आणि मी दाराआड तोंडाला पदर लावून हसायचे.

एकाच बाईला कळलं. गयाबाई, शेजारच्या मळ्यातली, आमच्याकडे दूध घालायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. एकदा पडवीच्या कडेला चरवी टेकून बसली, मुकुंदाचं थोडं ऐकलं आणि म्हणाली, "शालूताई, ह्यो पुस्तकाकडं बगतोय व्हय? मला तर भजन म्हनल्यावानी वाटतंय." मी तिला फाडकन विचारलं, "गयाबाई, तुला कळतं का वाचनातलं?" ती वरमली. "न्हाई बाई, आमाला कुठलं कळायला," म्हणाली आणि चरवी उचलून गेली. मी पुढे आठ-दहा दिवस तिच्याशी नीट बोलले नाही.

मे महिन्यात अण्णांनी माझ्या नगरच्या अर्जावर सही केली. परांड्याला नाही म्हणून कळवलं. अर्ज मी फडताळात ठेवला आणि येता-जाता उघडून बघायचे.

जून आला. अण्णांनी मुकुंदाला नवी टोपी आणली. शाळेत मोठ्या गुरुजींच्या टेबलासमोर आम्ही तिघं उभे. शाळा भरायची होती, दारा-खिडक्यांत पोरं गोळा झाली होती. चौथीचे गुरुजीही हाताची घडी घालून भिंतीला टेकलेले. मोठ्या गुरुजींनी चौथीचं पुस्तक पुढे ओढलं. मला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात अण्णा म्हणाले — आणि किती अभिमानाने म्हणाले — "पुस्तकातलं काय, ते तो घडाघडा वाचतो. दुसरं काही द्या ना, गुरुजी. कुठलंही द्या."

टेबलावर वर्तमानपत्र पडलं होतं. मोठ्या गुरुजींनी ते त्याच्या हातात दिलं.

मुकुंदाने ते दोन्ही हातांनी धरलं. केवढं मोठं ते, त्याचं तोंडच झाकलं. मग त्याने ते टेबलावर पसरलं, बोट ठेवलं आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला त्याचा आवाज ऐकू आला. "गावाच्या पू… पूर्… पूर्वेला एक मोठी विहीर होती." बोट बरोबर सरकत होतं. जिथे थांबायचं तिथे थांबत होता. मी सांगितलेलं एकूण एक त्याने केलं. पानाचा शेवटचा शब्द आला तेव्हा त्याने वर्तमानपत्राचं पानसुद्धा उलटलं.

खिडकीतलं एक पोरगं फसकन हसलं. मग सगळीच. चौथीचे गुरुजीही हसले. मोठे गुरुजी हसले नाहीत. त्यांनी हळूच त्याच्या बोटाखालून वर्तमानपत्र काढून घेतलं. मुकुंदा तरी म्हणतच होता. रिकाम्या टेबलावर बोट सरकत होतं.

अण्णांना कळायला वेळ लागला. मग ते माझ्याकडे वळले. "शालू, तुला माहीत होतं?"

आता — इथे येईपर्यंत मी केवढा वळसा घातला, बघितलंत ना? चिंचोके काय, गयाबाई काय. मी म्हटलं, "नाही, अण्णा. ह्याने मलासुद्धा फसवलं."

एवढंच म्हटलं. आवाज कापला नाही. उलट थोडा राग आणला मी आवाजात, फसवल्या गेलेल्या माणसाला येतो तसा. मुकुंदा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं. 'अक्कानेच शिकवलं' म्हणायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. दुसरं कुठलंही पोर म्हणालं असतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

परतताना वाटेत अण्णा मला म्हणाले, "पैज हरलीस, तरी त्यात तुझा काय दोष? तू जा नगरला." त्यांना माझी दया आली होती. मुकुंदा आमच्या मागून वीस पावलांवर चालत होता.

तुम्हाला वाटेल, फार तर पोराला मार बसला असेल. अण्णांनी त्याला बोटही लावलं नाही. त्याच दिवशी आईने पुन्हा विषय काढला. म्हणाली, "अहो, सबंध पुस्तक पाठ केलंय त्याने. नुसतं ऐकून. मी म्हणत नव्हते? ह्याला संथा द्या." दोघं ओसरीवर होती, मी आत परातीत भाकरीचं पीठ मळत होते. अण्णा म्हणाले, "न येणाऱ्याला शिकवता येतं गं. फसवणाऱ्याच्या तोंडात मी मंत्र घालणार नाही. ज्याने सख्ख्या बहिणीला इतके महिने तोंडावर…"

कळलं ना तुम्हाला? वाचता येत नाही म्हणून अण्णांनी त्याला टाकलं नव्हतं. तो खोटा निघाला म्हणून टाकलं. आणि खोटा तो नव्हता. ओसरी माझ्यापासून दहा पावलांवर होती. हात पुसायचे, उठायचं, सांगायचं, अण्णा, हे मी केलं, त्याला संथा द्या. तो आमच्या सात-आठ वाड्यांचा जोशी झाला असता. मानाने राहिला असता. अण्णांपेक्षा सरस झाला असता, हे मी छत्तीस वर्षं पोरं शिकवून सांगते. तसा कान मी पुन्हा पाहिला नाही. मला सगळं कळत होतं. मी अठरा वर्षांची होते, लहान नव्हते. मी पीठ मळत राहिले. पाणी जास्त झालं होतं, म्हणून वरून आणखी पीठ घेतलं.

जुलैत मी नगरला गेले. माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवायला मुकुंदाच आला होता. शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "अक्का, दोरी घट्ट बांधलीय." मी त्याला सुट्टीत तुझ्यासाठी काय आणू, असं विचारलं. काही नको म्हणाला.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. वाड्यांवरच्या पूजा थांबल्या, शिधा थांबला. मुकुंदा रस्त्याच्या दुष्काळी कामावर पाणी वाहायला जाऊ लागला, मग खडी उचलायला. अण्णा त्या रस्त्याने जायचं टाळायचे. ते वारले तोवर दोघांत बोलणं कामापुरतंच राहिलं होतं. मुकुंदा पंधराव्या वर्षी भिंगारला गेला. आधी एका खानावळीत ताटं घासली, मग एका भुसार दुकानात हमाली केली, ती गुडघे जाईपर्यंत. पोत्यांवरची नावं वाचता यायची नाहीत, म्हणून सुतळीच्या रंगावरून ओळखायचा. कधी चुकायचा. चुकला की मालक सगळ्यांसमोर बोलायचा, असं त्याच्या बायकोने मला एकदा सांगितलं.

आणि त्याने पुन्हा कधी काही पाठ म्हटलं नाही. पाढा नाही, कविता नाही. गणपतीत आरतीला उभा राहतो तेव्हा टाळ्या वाजवतो, पण ओठ मिटलेले असतात. मी शेजारी उभी राहून पाहिलं आहे.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने मोठा सत्कार ठेवला. मंडप, सरपंच, जुने विद्यार्थी. मुकुंदा भिंगारहून आला होता, पांढऱ्या कपड्यांत. कुणीतरी म्हणालं, बाईंचे बंधू आलेत, त्यांनीही दोन शब्द बोलावेत. तो नको नको म्हणत होता, पण पोरांनी त्याला धरून माइकपाशी नेलं. आमच्या घरातली भाषा त्याच्या तोंडातून केव्हाच गेली होती. तो म्हणाला, "अक्कानं मला शिकवायला लई कष्ट घेतलं. पर मीच नालायक. मी तिला फसवलं. नुसतं पाठ करून म्हनायचो. तिला लई वाईट वाटलं हुतं."

लोक मायेने हसले, टाळ्या पडल्या. तो येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. त्याला खरंच तसं वाटत होतं का? चाळीस वर्षं तेच ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं? की तो अजून मला झाकत होता? मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला काही कळलं नाही. मग माझं नाव पुकारलं. मी वीस मिनिटं बोलले. मुलांना मारू नये, त्यांच्या कलाने घ्यावं, प्रत्येक मूल वेगळं असतं, असं पुष्कळ बोलले. सगळ्यांचे आभार मानले. मुकुंदाबद्दल एक वाक्य बोलले नाही.

तो अजून आहे. भिंगारला दोघं नवराबायकोच असतात. तीही शाळेत गेलेली नाही. परवा फोनवर गुडघ्यांचं सांगत होता. इथून भिंगारला जायला एसटीने तीन तास लागत नाहीत. मी गेले नाही. फोनवर सांगावं असं दोनदा मनात आलं, आणि मी त्याला गुडघ्यांना लावायचं तेल सांगितलं. मग मी कागद घेऊन लिहायला बसले. सगळं सलग लिहून झालं, कुठे हात थांबला नाही. कसा थांबेल? साऱ्या जिल्ह्याने वाचलं तरी मुकुंदाला हे वाचता यायचं नाही, हे मला पहिलं वाक्य लिहितानाच माहीत होतं.